एका जोडीची दहा पिल्लं

नर बाइंडरचा होता आणि मादी काट्यावरच्या बाईंची. सगळं तिथून सुरू झालं.

बाइंडर म्हणजे छापखान्यामागच्या खोलीत वह्या-रजिस्टरं शिवणारा, छप्पन वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. काट्यावरच्या बाई कारखान्याच्या फाटकाजवळ वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसत. ट्रक काट्यावर चढला की भरलेल्याचं वजन, परतताना रिकाम्याचं वजन, आणि मग चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. शर्यतीच्या कबुतरांचा नाद मुळात त्यांच्या यजमानांना. यजमान गेल्यावर बाई ढाबळ मोडतील असंच सगळे धरून चालले होते. बाईंनी ती मोडली नाही. पुढच्याच मोसमात त्यांची करडी, ठिपक्यांची मादी लागोपाठ तीन शर्यतींत पहिली आली आणि क्लबातल्या भल्याभल्यांची बोलती बंद झाली.

बाइंडरचा नर पाटीच्या रंगाचा. त्यानं कधी काही जिंकलं नव्हतं. पण एका शर्यतीत वादळ आडवं आलं आणि एकशेवीस पाखरांतली नऊच परतली, त्या नवांत तो होता. तिसऱ्या दिवशी दुपारी, शेपटीची तीन पिसं गमावून आला. बाईंनी क्लबात त्याला हातात घेतलं, पंख उलगडून पाहिला, डोळा उजेडाकडे धरला आणि विचारलं, माझ्या मादीशी याची जोडी लावायची का?

‘‘चला, अखेर स्थळ जुळलं म्हणायचं,’’ क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले. बाइंडरचे मात्र कान तांबडे झाले, आणि तो घाईघाईनं मादीच्या वयाची चौकशी करू लागला.

ठरलं ते असं. पहिलं वर्षभर जोडी बाईंच्या ढाबळीत राहायची, दुसऱ्या वर्षी बाइंडरच्या. कबुतराची मादी एका वेळी दोनच अंडी घालते. वर्षातून दोनदा पिल्लं काढायची आणि दर खेपेच्या दोन पिल्लांतलं एक बाईंचं, एक बाइंडरचं. कुणाचं कुठलं, यावरून कुरबुर नको म्हणून बाईंनीच तोडगा काढला. चौदाव्या दिवशी वजन करायचं. पहिल्या खेपेला वजनदार पिल्लू बाईंना, दुसऱ्या खेपेला बाइंडरला, असं आलटून पालटून. पिल्लू महिन्याचं व्हायच्या आत ज्या छपरावर नेलं ते छप्पर त्याचं जन्माचं घर होतं. मग कितीही लांब नेऊन सोडा, ते तिथंच परततं. म्हणजे आईबाप एक, दाणा एक आणि घरं दोन. बघू या तरी काय होतं ते, बाई म्हणाल्या.

बाइंडरनं त्यासाठी खास वही शिवली. कापडी पाठ, आडवी पानं, दर पिल्लाला एक रकाना. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवसाचं वजन, डोळ्याचा रंग, पंखाची लांबी, पहिल्यांदा छपरावर कधी आलं, पहिल्यांदा किती वेळ उडालं. दर रविवारी सकाळी दहाला तो वही काखेत मारून बाईंच्या घरी जाई. गच्चीवर जाणारा लोखंडी जिना अरुंद होता आणि वर पोचल्यावर आधी धुण्याच्या साबणाचा वास येई, मग कबुतरांचा. बाई पिल्लू तळहातावर घेऊन आधी अंदाजानं वजन सांगत, मग तागडीत ठेवत. पाच ग्रॅमपेक्षा जास्त चूक त्यांची कधी झाली नाही. ‘‘तीस वर्षं टनांत मोजलं,’’ एकदा त्या म्हणाल्या. ‘‘आता कुठं हाताला काही लागतंय.’’

मग चहा व्हायचा. बोलणं कबुतरांचंच. थोरलं दांडगट आहे, धाकट्याच्या तोंडचा दाणा पळवतं. हे बापावर गेलंय, हे आईवर. याचा डोळा बापाचा पण स्वभाव बघा, नुसता आईचा फणकारा. बारा वाजले की बाइंडर उठे. आठवड्यातले उरलेले सहा दिवस तो रजिस्टरं शिवत घालवी, आणि रविवारी सांगायच्या गोष्टी शनिवारपर्यंत साठवून ठेवी. त्या साठवलेल्यांतल्या निम्म्याही तो प्रत्यक्षात सांगत नसे.

दोन वर्षांत आठ पिल्लं झाली. चार इकडे, चार तिकडे. ती शर्यतीत उतरू लागली तसा वहीतला एक रकाना बाइंडरला सलू लागला. बाईंची पिल्लं दर वेळी पुढं असायची, आणि फरकही ठरलेला: चार मिनिटं, पाच मिनिटं, कधी सहा. जवळची शर्यत असो की लांबची, फरक तेवढाच. बाइंडरनं दाणा बदलून पाहिला. ढाबळीचं तोंड पूर्वेला फिरवलं. पाण्यात लसणाचा रस घालून पाहिला, त्यानं फक्त बहीण वैतागली. फरक हटेना.

शेवटी एका शर्यतीच्या दिवशी बाई स्वतःची पाखरं न उतरवता बाइंडरच्या गच्चीवर येऊन बसल्या. त्या मोसमात त्या पहिल्या तिघांत होत्या. एक शर्यत सोडणं म्हणजे थोडं नव्हतं. बाइंडरला ते कळलं होतं आणि त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची तीनदा पुसली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी उत्तरेकडून एक ठिपका आला, मोठा झाला, पंख मिटून खाली झेपावला. बाइंडरचंच पाखरू, तिसऱ्या खेपेतलं. ते पाण्याच्या टाकीवर उतरलं. तिथं त्यानं पिसं साफ केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोन पावलं चाललं. शर्यतीत पाखरू छपरावर दिसलं म्हणून आलं असं धरत नाहीत. ते ढाबळीत शिरून, त्याच्या पायातली रबरी रिंग काढून घड्याळात टाकली की मगच वेळ पडते. बाइंडर ढाबळीच्या दाराशी उभा होता. पाखरू पाच मिनिटांनी आत गेलं.

बाईंनी रिकाम्या टाकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘तुमची पाखरं उडण्यात कुठंच कमी नाहीत. घरात शिरायला वेळ लावतात.’’

‘‘का पण?’’

‘‘तुम्ही आत गेलात की काय करता?’’

बाइंडरनं सांगितलं. साफसफाई करतो, पाणी बदलतो, एकेकाला धरून पंख तपासतो, वजन करतो.

‘‘आणि बोलता काय त्यांच्याशी?’’

बोलत तर काहीच नाही, असं बाइंडर म्हणाला.

‘‘मग बरोबर आहे. तुम्ही आत आलात की परीक्षा, एवढंच ठाऊक आहे त्यांना. मी तर दिवसभराचं सगळं गाऱ्हाणं सांगते. कुठल्या ड्रायव्हरनं हुज्जत घातली, फुलवाल्यानं कशी शिळी फुलं दिली, सगळं.’’

बोलायचं ठरवलं तरी काय बोलणार? पहिल्या दिवशी बाइंडर ढाबळीत पिंपावर बसला आणि पंधरा मिनिटं घसा खाकरत राहिला. दुसऱ्या दिवशी तो बांधणीला आलेली छापील पानं बरोबर घेऊन गेला आणि ती मोठ्यानं वाचू लागला. एसटीचं वेळापत्रक, शाळेचं व्याकरण, पतपेढीची नियमावली. कबुतरं माना वाकड्या करून ऐकत. खालून बहीण ओरडून विचारी की कोण आलंय वर. कुणी नाही, तो सांगे. ‘‘चाळीस वर्षांत माझ्याशी इतका बोलला नाही हो हा,’’ ती शेजारणीला म्हणाली, ‘‘आणि आता पाखरांना गाड्यांच्या वेळा सांगतोय.’’

महिन्याभरात पाखरं त्याच्या गुडघ्यावर बसू लागली. पुढच्या शर्यतीत त्याचं पाखरू टाकीवर न थांबता थेट दारात उतरलं आणि वहीतला फरक चाळीस सेकंदांवर आला. त्या रविवारी बाईंनी वही हातात घेऊन तो आकडा दोनदा वाचला आणि वर बघून हसल्या. ते हसू घेऊन बाइंडर घरी आला. त्या दिवशी त्यानं बहिणीलाही दोन-चार गोष्टी सांगितल्या.

तिसऱ्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांची लेक सव्वाशे कोसांवरच्या मोठ्या शहरात परिचारिका होती. जावई जहाजावर, सहासहा महिने समुद्रात. लेकीला मुलगी झाली, चार महिन्यांनी तिची रजा संपली, आणि पाळ्यांची नोकरी. तिनं आईला ये म्हटलं नव्हतं, फक्त फोनवर रडली होती. बाईंनी त्याच आठवड्यात घर आवरायला घेतलं.

कबुतरं नेण्यात अर्थ नव्हता. मोठी झालेली पाखरं तिकडे सोडली तर ती इकडे, याच छपरावर येणार, आणि इथं कुणीच नसणार. बाई शेवटच्या रविवारी आपली चार पाखरं आणि ती ठिपक्यांची मादी दोन टोपल्यांत घालून बाइंडरकडे आल्या. त्यांना कधी मोकळं सोडू नका, एवढं बजावून सांगितलं. कुणाला कुठला दाणा आवडतो, कोण कुणाच्या शेजारी बसत नाही, तेही सांगितलं.

बाइंडर त्या आठवड्यात बरंच काही जुळवून बसला होता. छापील पानासारखं त्याच्या डोळ्यांपुढं होतं ते. प्रत्यक्षात त्यानं विचारलं, ‘‘मक्याचं प्रमाण किती ठेवू?’’

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. ‘‘पावभरात मूठभर,’’ त्या म्हणाल्या.

त्या गेल्या आणि रविवार तेवढा मोठा झाला. दहा वाजता बाइंडरचे पाय आपोआप चपलांकडे वळत. मग तो पुन्हा वर गच्चीत जाऊन बसे. दुपारी बारा वाजता बाईंचा फोन येई, बाळ झोपलेलं असताना. पाखरांची खुशाली, वजनं, बाळाची खुशाली, बाळाचं वजन. दहा मिनिटांत मागून रडणं ऐकू येई आणि बाई म्हणत, ठेवते हं.

आषाढ गेला, उन्हं आली, आणि एका दुपारी बहीण ढाबळीत झाडायला गेली असताना बाईंची दोन पाखरं निसटली. कुठं गेली असतील हे शोधायला नको होतं. बाइंडर टोपली घेऊन बाईंच्या जुन्या घरी गेला. तिथं आता एक तरुण जोडपं राहत होतं. ढाबळ त्यांनी काढून टाकली होती. तिच्या जागी कपड्यांची तार होती, आणि त्या तारेवर, ओल्या चादरींच्या मधोमध, दोन्ही पाखरं बसली होती. ती त्याला ओळखत होती, पण उतरेनात. त्यातली बायको स्वभावानं चांगली होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हे आमच्या चादरी घाण करतात एवढंच म्हणाली. बाइंडर तिथं चार तास बसला. समोर तेच कारखान्याचं धुराडं, तोच अरुंद जिना, कठड्याला बाईंनी लावलेला हिरवा रंग. उन्हं कलली तेव्हा पाखरांना तहान लागली आणि ती त्याच्या वाडग्याशी आली.

पंधरा दिवसांनी पाखरं पुन्हा निसटली. पुन्हा तीच दुपार, तीच खुर्ची. त्यानंतरच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. त्या संध्याकाळी तो भरलेली टोपली घेऊन परतला तेव्हा बहीण गच्चीच्या पायऱ्यांवर गुडघे चोळत बसली होती.

‘‘कडी मी लावली होती,’’ ती म्हणाली. ‘‘दोनदा ओढून पाहिली होती.’’

बाइंडर टोपली उतरवत राहिला.

‘‘पाखरांच्या नावावर किती दिवस त्या घरी जाणारेस? तिथं कुणी नाहीये. जिथं आहे तिथं जा.’’

‘‘तिथं जाऊन काय सांगू?’’

‘‘ते मला विचारू नकोस. गाड्यांच्या वेळा तर तुला पाठ आहेत.’’

जोडी आता बाइंडरकडेच होती आणि तिनं पाचव्या खेपेची अंडी घातली होती. नववं आणि दहावं पिल्लू. ती फुटून सात दिवस झाले, तेव्हा बाइंडरनं फोनवर बाईंना विचारलं, तुमच्या इमारतीला गच्ची आहे का? गच्ची आहे, पण किल्ली चेअरमनकडे असते, बाई म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्यांनी आपण होऊन सांगितलं की किल्ली मिळाली आहे. चेअरमनच्या बायकोच्या पाठदुखीवर लेकीनं काही व्यायाम सांगितले होते, ते लागू पडले.

सव्विसाव्या दिवशी बाइंडर दोन पिल्लं टोपलीत घालून पहाटेच्या गाडीत बसला. नऊ तासांचा प्रवास. टोपली सबंध वेळ मांडीवर. शेजारचा म्हातारा म्हणाला, सामान वर ठेवा की. हे सामान नाही, बाइंडर म्हणाला आणि त्याला सातवं-आठवं पिल्लू कसं सारखं दिसे पण उडताना कसं ओळखू येई, ते सांगू लागला. म्हातारा लवकरच झोपला.

बाईंनी दार उघडलं ते कडेवर नात घेऊन. त्या जरा वाळल्या होत्या. केस आखूड कापले होते. घर दोन खोल्यांचं. दोरीवर बाळाचे कपडे, टेबलावर बाटल्या उकळायचं भांडं. लेक दिवसपाळीला गेलेली. बाईंनी नातीला बाइंडरच्या हातात दिलं, जणू हे रोजचंच, आणि टोपली उघडली. एकेक पिल्लू तळहातावर घेतलं. ‘‘तीनशे ऐंशी. हे तीनशे पासष्ट,’’ त्या म्हणाल्या. मग बाळाच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. तीनशे ब्याऐंशी, तीनशे सदुसष्ट. हात अजून बाईंचाच होता.

गच्चीत त्यांनी जुन्या कपाटाची ढाबळ करून ठेवली होती. पिल्लं आत ठेवून दोघं कठड्याशी उभी राहिली. बाळ बाइंडरच्या खांद्यावर झोपी गेलं होतं. आता बोललं नाही तर पुन्हा मक्याचं प्रमाण विचारावं लागेल, असं त्याला वाटलं.

‘‘मी इथं राहायला आलो तर?’’ तो म्हणाला. ‘‘रजिस्टरं काय, इथंही शिवता येतात. तुम्हाला चालणार असेल तर. रीतसर.’’

बाईंनी पिल्लांच्या वाटीतलं पाणी बदललं, हात पदराला पुसले.

‘‘तिकडून निघताना तुम्ही हे विचाराल म्हणून मी थांबले होते जरा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘विचारलं असतंत तर मी गेलेच नसते की काय, कोण जाणे. आता ही माझ्या हातावर झोपते. लेक कामावरून येते ती उभ्या उभ्या जेवते. या घरात आणखी एक खाट मावत नाही, आणि मला तिला सोडवत नाही. आणि तुमची ताई? त्यांना जिना चढवत नाही म्हणता.’’

‘‘ताईनंच पाठवलं.’’

‘‘त्या पाठवतील. पण तुम्हाला सोडवेल?’’

बाइंडरनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

‘‘थांबा म्हणायलाही जीव धजत नाही या वयात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण येत जा. मला वाट बघायला आवडेल.’’

तसा तो जाऊ लागला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पहाटेची गाडी, रात्री स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम, रविवारी बाईंकडे, दुपारी तीनच्या गाडीनं परत. बहीण पिशवी भरून देई, तीत बाळासाठी काहीतरी असे. नववं पिल्लू पहिल्याच सरावात कुठंतरी हरवलं. बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं आणि बाइंडर त्या आठवड्यात दोनदा गेला. दहावं टिकलं. एका आईबापाची पिल्लं आता सव्वाशे कोसांच्या अंतरावरच्या दोन छपरांवर उतरत होती, त्यामुळे त्यांची तुलना करण्यात फारसं तथ्य राहिलं नव्हतं, तरी दोघं ती करत. सरावात पाखराला घरी यायला किती मिनिटं लागली, किती वारा होता, आत शिरायला किती वेळ घेतला, हे सगळं नीट लिहून व्हायचं. नातीला बोलता येऊ लागलं तेव्हा ती बाइंडरला ‘वजन’ म्हणू लागली, कारण तो आला की सगळ्यांचं वजन व्हायचं.

लेकीला सगळं ठाऊक होतं. एकदा ती बाइंडरला खाली गाडीपर्यंत सोडायला आली. पोरगी शाळेत जायला लागू दे, मग मी तुम्हाला दोघांना एकमेकांपासून अडवायची नाही, असं म्हणाली. म्हणजे अजून अडीच वर्षं. बाइंडरनं मान हलवली. अडीच वर्षांत एका जोडीची किती पिल्लं होतात, हा हिशेब त्याच्या डोक्यात आलाच.

हिवाळ्यातल्या एका रविवारी तो स्टँडवर पोचला तर घाटात दरड कोसळल्यानं तीनची गाडी रद्द झाली होती. दुसरी उद्या सकाळी सातला. खिडकीमागचा माणूस दिलगिरी सांगत होता, आणि बाइंडर त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होता, काही हरकत नाही. त्यानं स्टँडवरूनच बाईंना फोन केला. मग या, बाई म्हणाल्या. तो परत गेला. तिघं गच्चीत अंधार पडेपर्यंत बसली, खाली आल्यावर लेकीनं सगळ्यांना वाढलं, नातीनं त्याच्या चष्म्याची काडी वाकवली. फार काही बोलणं झालं नाही. जेवणं झाल्यावर बाई भांडी विसळत होत्या आणि तो ती पुसून फळीवर लावत होता, एवढंच. तेवढ्यात त्याला कुठली वाटी कुठं जाते ते कळलं.

पुढच्या महिन्यात, रविवारी सकाळी, तो परतीचं तिकीट काढायला खिडकीशी उभा राहिला. तीनची गाडी आज सुटणार आहे ना नक्की, असं त्यानं विचारलं. खिडकीमागच्या माणसाला मागच्या खेपेचे हाल आठवले असावेत. ‘‘अगदी वेळेवर, काका. काळजीच करू नका,’’ तो म्हणाला.

बाइंडरनं तिकीट घेतलं, खिशात ठेवलं आणि स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ वाजले होते. बाईंचं घर चालत वीस मिनिटांवर. तो भरभर निघाला.